निसटू नये, पण निघावं

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. दाभोळच्या खाडीत माझी साडेबारा फुटी लाकडी होडी आहे. वडील काठाला लाकडी खुंटी ठोकून काथ्याच्या दोरीत वल्हं अडकवायचे. मी हौसेनं बाजारातून पितळी रोलॉक, म्हणजे वल्हं अडकवायचे दांडीवाले आकडे, आणून बसवले. ते एका रात्रीत कुणीतरी काढून नेले, भंगारात गेले असणार. मग गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून 12 मि.मी. सळईचे, दोन शिंगांचे रोलॉक करून घेतले. त्यांची दांडी आत फिरायला घर म्हणून अर्धा इंची जी.आय. पाइपचे दीड-दीड इंचाचे तुकडे काठावर बसवलेल्या अँगलवर वेल्ड केले. रोज संध्याकाळी रोलॉक काढून घरी नेतो. पण वल्हवताना दहा-पंधरा हात मारले की डावा उडतोच. मागच्या महिन्यात तो पाण्यात गेला. खाली नट लावला, चार दिवसांत तोही गळून पडला. खिळा घालून वाकवला, तर संध्याकाळी तो निघता निघेना. आपोआप निसटणार नाही पण हातानं काढता येईल, असं काय करू? फोटो सोबत आहेत. — एक वाचक, दाभोळ

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझी 1983 सालची दुपार आठवली. गोदीत फिटर म्हणून लागून दोन वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती. गावी जाताना मामासाठी रोलॉकची जोडी स्वतः घडवून नेली. मध्य खाडीत, सुकती लागलेली असताना, उजवा रोलॉक टुणकन उडाला. पाण्यात ‘डुबुक्’ असा आवाज झाला, तो अजून कानात आहे. एका वल्ह्यानं होडी जागच्या जागी गोल फिरते. आम्ही फिरत फिरत खाडीच्या तोंडाकडे निघालो. मामानं शांतपणे डोक्याचं मुंडासं सोडलं, पीळ देऊन काठाच्या भोकातून ओवलं, त्यात वल्हं अडकवलं आणि होडी किनाऱ्याला आणली. माझ्याशी तो रात्रीच्या जेवणापर्यंत बोलला नाही.

तर आधी तुमचा डावाच का उडतो ते बघू. फोटो नीट पाहिला. डाव्या बाजूचा पाइप सरळ उभा नाही, त्याचं वरचं तोंड नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, झुकलंय. ठोकताळ्यानं दहा अंश असेल. वेल्डिंग गार होताना अँगल ओढला गेला असणार. आता हिशोब करा. तुम्ही मुठीला 20 किलोचा जोर लावलात आणि वल्ह्याच्या आतल्या-बाहेरच्या भागांचं प्रमाण नेहमीसारखं 7 ला 18 असलं, तर पात्यावर पावणेआठ किलो जोर पोचतो. रोलॉकवर या दोन्हींची बेरीज येते, म्हणजे जवळजवळ 28 किलो, आणि तो जोर नाळेच्या दिशेनं असतो. होडी पुढे जाते ती या ढकलण्यानंच. घरच नाळेकडे दहा अंश कललेलं असेल, तर या 28 किलोंतला पाचेक किलोचा वाटा दांडीला घरातून वर ओढत राहतो. रोलॉकचं वजन पाव-अर्धा किलो. वर टेकलेलं वल्हं अडीच-तीन किलोनं त्याला खाली दाबतं, पण पाचापुढे तीन कुठे पुरणार? प्रत्येक हाताला दांडी थोडी थोडी वर सरकते आणि दहाव्या-पंधराव्या हाताला निरोप घेते. तुमची मोजणी अगदी बरोबर आहे.

म्हणजे पिन, नट, खिळा हे सगळं नंतर. आधी घर सरळ करा. जमलं तर मागच्या बाजूकडे अंश-दोन अंश कललेलं ठेवा, मग तोच जोर दांडीला खाली बसवतो.

दुसरी चूक पाइपची. बाजारातला ‘अर्धा इंची’ जी.आय. पाइप अर्ध्या इंचाचा नसतो. बाहेरून तो 21 मि.मी.च्या थोडा वर भरतो आणि आतून 16 च्या आसपास. त्यात तुमची 12 ची सळई. म्हणजे चार मि.मी.चा खुळखुळा. वल्हवताना खाट-खाट आवाज येतो ना? ते हातोडीचे घाव आहेत. दोन मोसमांत भोक अंड्यासारखं होईल.

तिसरी चूक खोलीची, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. समजा वल्हं घराच्या तोंडापासून 40 मि.मी. वर टेकतं. घर 25 मि.मी. खोल असेल तर त्याच्या वरच्या कडेवर 28 चे 73 किलो होतात. तेच घर 60 मि.मी. खोल केलंत तर 47 वर येतात. सळई तीच, माणूस तोच, फक्त खोली वाढली. गावातला वेल्डर घर आखूड करतो कारण त्याला ती फक्त भोकाची कड वाटते. दांडीच्या व्यासाच्या पाचपट खोली धरा. 12 ची सळई असेल तर 60. सळई 16 ची करायचा हट्ट मात्र नको. 12 ची सळई या भाराला तिच्या ताकदीच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यानं वापरली जाते. कमजोर आहे ते घर, दांडी नाही.

आता मुख्य मुद्दा. निसटू नये आणि निघावं ही दोन कामं तुम्ही एकाच खिळ्याकडून करून घेताय. वल्ह्याचा जोर घरानं आणि दांडीनं सोसायचा. अडकवण्यानं काहीही सोसायचं नाही, त्यानं फक्त ‘वर जाऊ नकोस’ एवढंच सांगायचं. बैलगाडीच्या आसाच्या टोकाला खीळ असते. गाडीचा भार खीळ वाहते का? भार आस वाहतो. खीळ चाकाला बाहेर येऊ देत नाही, म्हणून एवढीशी खीळ एवढ्या मोठ्या चाकाला पुरते. तुमच्या रोलॉकला तशी खीळ हवी.

करायचं असं. काठाच्या आतल्या बाजूला आईन किंवा सागवानाचा 300 मि.मी. लांब, 60 मि.मी. उंच ठोकळा इपॉक्सीनं चिकटवा आणि आरपार बोल्टनी आवळा. उंडीचं वाळलेलं लाकूड घरी पडलं असेल तर तेही चालेल. त्यात गिरमिटानं उभं आरपार भोक पाडा. आरपार म्हणजे खालून उघडं. तळ बंद असलेल्या भोकात रेती साठते, पावसाचं पाणी साठतं, लाकूड आतून सडतं आणि तुम्हाला कळतं तेव्हा ठोकळा बिस्किटासारखा झालेला असतो. भोकात बुश, म्हणजे दांडी आत फिरेल अशी नळी, बसवा. लेथवाल्याकडे पांढरी एचडीपीईची कांडी मिळाली तर उत्तम. नाहीतर स्वयंपाकघरातला भाजी कापायचा जाड पांढरा पाट बघा, बहुतेक वेळा तो त्याच प्लास्टिकचा असतो. त्याच्या चकत्या कापून एकावर एक रचल्या की बुश झाला. (घरच्यांना विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.) नायलॉन नको असं नाही, पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. घट्ट बसवलंत तर श्रावणात दांडी जाम. कोणताही घेतलात तरी दांडीभोवती अर्धा मि.मी. मोकळीक ठेवा. आणि ग्रीस लावू नका. ग्रीसमध्ये रेती चिकटली की पॉलिशपेपर तयार होतो. प्लास्टिकच्या बुशला खाडीचं पाणीच पुरतं.

ठोकळ्याच्या वर आणि खाली 4 मि.मी.ची एकेक पट्टी लावा. दांडी एवढी लांब करा की खालच्या पट्टीतून 25 मि.मी. बाहेर डोकावेल. त्या डोकावणाऱ्या टोकात, पट्टीपासून 3-4 मि.मी. खाली, 5 मि.मी.चं आडवं भोक पाडा. पुष्कळ जण हे आडवं भोक घराच्या मधोमध, पाइपातून आरपार पाडतात. तिथे दांडीला वाक येतो आणि नेमकं तिथेच तुम्ही तिला पोखरता. शिवाय पिनीमुळे दांडी फिरेनाशी होते. घराच्या खाली वाक शून्य असतो, तिथे भोक पाडल्यानं काही बिघडत नाही.

त्या भोकात काय घालायचं? नट नको. दांडी दर हाताला अर्धवट पुढे-मागे फिरते, नट पट्टीवर घासतो आणि सैल होतो. तुमचा गेला तो असाच. लॉकनट जाणार नाही, पण रोज संध्याकाळी पाना घेऊन होडीखाली हात कोण घालणार? स्प्लिट पिन दोन-चारदा उघडमीट केली की मोडते, आणि जाळ्यात तिची टोकं अडकतात ती वेगळीच. तुम्ही चिपळूणला जाल तेव्हा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात जा आणि ‘लिंच पिन’ मागा. नांगर-ट्रॉली अडकवायला वापरतात ती, डोक्याला स्प्रिंगचं कडं असलेली. सगळ्यांत बारीक माप मागा आणि भोक पिनीच्या मापाचं पाडा. घालताना कडं उघडायचं, पिन सारायची, कडं फिरवून दांडीवर पाडायचं. अंधारात, ओल्या हातानं, एका हातानं जमतं. माझी अडकवण्याची कसोटी हीच आहे. दुसरा हात वल्ह्यावर असतो.

दोन दोषही सांगतो. एक, ही पिन शेतासाठी बनवलेली असते. वरचा जस्ताचा मुलामा खाऱ्या पाण्यात एका पावसाळ्यात उतरतो. चार घेऊन ठेवा. दुसरं, सुटी असल्यानं हरवते. तिला बारीक नायलॉनची दोरी बांधून काठाखालच्या डोळ्याच्या स्क्रूला अडकवा. निरगाठ मारा, सुरगाठ नको.

पिन हरवणं हा ज्यांचा स्वभावच आहे त्यांच्यासाठी (मी त्यांतला) दुसरा उपाय आहे. दांडीच्या खालच्या टोकाच्या आडव्या भोकातून 4 मि.मी.ची दोरी ओवा आणि तिला 6 मि.मी. जाड, 40 मि.मी. लांब गजाचा तुकडा मधोमध बांधा. दोरी इंचभर सोडा. रोलॉक बसवताना गज उभा धरून घरातून खाली सोडायचा. खाली पडला की तो आडवा होतो आणि वर येईना होतो. काढायचा असेल तेव्हा खालून बोटानं उभा करायचा. सुटा भाग एकही नाही. रोलॉक इंचभर वर उचलला जातो हे खरं, पण घर 60 मि.मी. खोल असल्यानं निम्म्याहून जास्त दांडी आतच राहते. घर आखूड असतं तर हा उपाय मी सांगितलाच नसता.

दोन्हींपैकी काहीही करा, पण रोलॉकच्या गळ्याला हातभर दोरी बांधून तिचं दुसरं टोक होडीच्या आत बांधाच. बसवताना-काढताना हातातून सुटणारे रोलॉक उडणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, आणि कोणताही धातू खाडीत तरंगत नाही.

चोरीबद्दल. रोज काढून नेताच आहात, तर दोन शिंगांऐवजी बंद कडी का करत नाही? कडी वल्ह्याच्या मुठीकडून आत सरकवायची आणि मग वल्ह्याला चामड्याचा पट्टा व त्याच्या कडेला जाड गळपट्टी बसवायची. कडी वल्ह्यावरच राहते. वल्हं खांद्यावर टाकून घरी निघालात की रोलॉकही आले, आठवण ठेवायला नको. होडीत उरतं फक्त भोक, ते चोरून दाखवा म्हणावं! जाळं टाकायला हात मोकळे हवेत तेव्हा वल्हं सोडून द्या, ते होडीच्या कडेला पाण्यात लोळत राहील, जाणार नाही. तोटा एकच. धक्क्याला लागताना वल्हं पटकन उचलून आत घेता येत नाही, आधी दांडी घरातून काढावी लागते. तुमच्याकडे जेट्टीला बोटींची दाटी असेल तर विचार करून करा.

धातूचं थोडक्यात. पितळ खाऱ्या पाण्यात जस्त गमावतं, गुलाबी पडतं आणि मग कुरकुरीत होतं. चोरानं तुमचे पितळी नेले ते एका अर्थी बरंच केलं. गनमेटल उत्तम. स्टेनलेस घेणार असाल तर 316 ग्रेडचं घ्या, 304 वर खड्डे पडतात. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे 316’ असं सांगतो. 304 लाही चुंबक चिकटत नाही. पक्की पावती मागा. साधी सळईच वापरायची असेल तर गॅल्व्हनाइझ करून घ्या. भोक पाडून झाल्यावर गॅल्व्हनाइझ करा, आधी नाही. आईनाच्या लाकडात साधं लोखंड राहिलं तर त्याच्याभोवतीचं लाकूड काळं पडून मऊ होतं. बोल्टच्या भोकांत राळ किंवा काजूच्या टरफलांचं तेल भरून मगच बोल्ट सारा.

आता वडिलांची खुंटी-दोरी. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल जरा लाजल्यासारखं लिहिलंय. लाजू नका. लाकडी खुंटी, भिजली की आवळणारी काथ्याची दोरी, आवाज नाही, गंज नाही, चोरायला काही नाही. वल्हं खडकाला अडकलं तर खुंटी मोडते आणि काठ वाचतो. खुंटी दोन मिनिटांत नवी होते, काठाला आठवडा लागतो. दोरी झिजते आणि वल्हं वळवताना घासतं एवढंच तिचं न्यून. तुमच्या होडीत दोन जास्तीच्या खुंट्या आणि वावभर काथ्या कायम ठेवा. मामाचं मुंडासं प्रत्येक होडीत नसतं.

प्रश्न : फायबरच्या छोट्या होडीवर रोलॉकचं घर स्क्रूनं बसवलं होतं. दोन्ही बाजूंचे स्क्रू उपटून आले. पुढच्या वेळी जाड स्क्रू घालू का? — एक वाचक, पेडणे

उत्तर : नको. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचा पापड. स्क्रूला धरायला त्यात लाकडासारखे रेशे नसतात. जाड स्क्रू जास्त मोठं भोक करून उपटून येईल. आरपार बोल्ट घाला आणि आतून तळहातापेक्षा मोठा, 12 मि.मी. मरीन प्लायचा तुकडा इपॉक्सीत बसवून त्यावर मोठे वॉशर लावा. काठाखाली हात जात नसेल तर आतून झरोका कापावा लागेल, तो कापायला घाबरू नका. जुनी भोकं मोठी करून इपॉक्सीनं भरा, वाळली की मधोमध नवी पाडा. अशी केली की पाणी फायबरच्या थरांत शिरत नाही.

प्रश्न : मी पुण्यात कॉलेजच्या संघात वल्हवतो. आमच्या शर्यतीच्या बोटीच्या रोलॉकला वरून बंद होणारं फाटक असतं, स्क्रूनं आवळायचं. वल्हं उडण्याचा प्रश्नच नाही. तसंच साध्या होडीला का करत नाहीत? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुमचं फाटक वल्ह्याला रोलॉकमधून उडू देत नाही. दाभोळच्या वाचकाचा रोलॉकच घरातून उडतो. दोन दुखणी वेगळी आहेत. तुमचा रोलॉक बोटीच्या बाहेर काढलेल्या चौकटीवरच्या पक्क्या पिनीवर फिरतो, पिन कधी काढायचीच नसते. तुमच्या वल्ह्याच्या बाहीला सपाट पाठ असते, ती रोलॉकच्या सपाट भिंतीला टेकली की पातं आपोआप योग्य कोनात उभं राहतं. खाडीतलं वल्हं गोल असतं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक घेऊन आला, तो असल्याच फाटकाच्या रोलॉकवर. पण त्याला मध्येच वल्हं सोडून जाळं ओढायचं नव्हतं. काम बदललं की कडी बदलते.

तरी तुमच्याकडची एक गोष्ट साध्या होडीनं जरूर उचलावी. तुम्ही बोट पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक नट हातानं तपासता. आमच्या खाडीत हे कुणी करत नाही.

प्रश्न : रोलॉक कुठे बसवावा आणि वल्हं किती लांब असावं, याचं काही माप आहे का? — एक वाचक, मुरुड

उत्तर : बैठकीवर नाळेकडे पाठ करून बसा. गुडघ्यांकडच्या बैठकीच्या कडेपासून साधारण 300 मि.मी. पुढे आणि बैठकीच्या पृष्ठभागापासून 200 मि.मी. वर रोलॉक यावा. उंच माणसाला थोडं पुढे, थोडं वर. दोन रोलॉकमधलं अंतर मोजा, त्याचं निम्मं करा, त्यात दोन इंच मिळवा. हा वल्ह्याचा आतला भाग. त्याला 25 नं गुणून 7 नं भागा. अंतर 48 इंच असेल तर आतला भाग 26 इंच आणि वल्हं जवळजवळ 93 इंच, म्हणजे पावणेआठ फूट. सुताराला आधी आठ फुटी करायला सांगा. पंधरा दिवस वल्हवा, मग मुठीकडून हवं तेवढं कापा. भोक मात्र ही पंधरा दिवसांची परीक्षा झाल्यावरच पाडा. तोवर रोलॉकचा ठोकळा काठाला सी-क्लॅम्पनं आवळून काम चालवा.